रांगेतला क्रमांक ६१८

विम्बल्डनच्या तिकिटासाठी मी सलग चार वर्षे टपालाने अर्ज केला आणि चारही वर्षे पदरी काही पडले नाही. २०१९ च्या स्पर्धेपर्यंत ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठीची ही सोडत कागदावरच चालत असे. आपला पत्ता लिहिलेले, पोस्टाचे तिकीट लावलेले पाकीट स्पर्धा भरवणाऱ्या क्लबकडे पाठवायचे, त्यातून कोरा अर्ज घरी यायचा, तो भरून वर्ष संपायच्या आत पुन्हा पोस्टात टाकायचा आणि मग वाट पाहायची. एका घरातून एकच अर्ज, आणि नाव लागलेच तर कोणत्या दिवशी कोणत्या कोर्टवर बसायचे हे क्लब ठरवणार. १९२४ पासून चालत आलेल्या या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. लहानपणी घरांच्या सोडतीचा निकाल पाहायला वडिलांबरोबर जाऊन दर वेळी हात हलवत परत आलेला माणूस मी, त्यामुळे चिठ्ठीत आपले नाव निघत नाही याची सवय मला घरातूनच होती. पण वयाची पन्नाशी उलटल्यावर असे वाटू लागले की, नशिबावर सोडलेल्या गोष्टीची आणखी किती वाट पाहायची? दुसरा मार्ग उघडा होता आणि तो सर्वांना ठाऊक होता. रांगेत उभे राहायचे.

जगातल्या मोठ्या स्पर्धांपैकी विम्बल्डन ही अशी दुर्मीळ स्पर्धा आहे की, जिथे सामन्याच्या दिवशी सकाळी येऊन उत्तम जागा विकत घेता येते. सेंटर कोर्ट, नंबर एक कोर्ट आणि नंबर दोन कोर्ट या तिन्हींची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटे रोज रांगेतल्या लोकांसाठी राखून ठेवलेली असतात. फक्त शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टची तिकिटे रांगेत मिळत नाहीत. या पंधराशेंच्या मागे जे उभे असतात, त्यांना मैदानात प्रवेश देणारे स्वस्त तिकीट मिळते; त्यावर बाहेरच्या छोट्या कोर्टांवरचे सामने मनसोक्त पाहता येतात आणि हिरवळीच्या टेकडीवर बसून मोठ्या पडद्यावर आतला सामनाही पाहता येतो. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. इथे रांग एकच, आणि आपल्या वाट्याला यांपैकी काय येणार हे आपण किती वाजता पोहोचलो यावर ठरते. सोडतीपेक्षा मला हेच अधिक पटले. कष्ट करायचे, पण त्या कष्टाचा हिशेब हातातल्या कार्डावर स्पष्ट छापलेला असतो.

माझ्याबरोबर माझी भाची येणार होती. ती कोल्हापूरची, त्या वर्षी लेस्टरला शिकत होती आणि शाळेपासून टेनिस खेळलेली होती. मी स्वतः सांगलीला मुरुमाच्या कोर्टवर खेळलो. संध्याकाळी पाणी मारायचे, रूळ फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या आणि पहिल्या दहा मिनिटांत पांढरे बूट तांबडे करून घ्यायचे, असा तो खेळ होता. गवताचे कोर्ट आम्ही दोघांनीही फक्त टीव्हीवर पाहिलेले होते. पुण्याला गेलो की मी बालेवाडीची स्पर्धा पाहत असे, पण ती हार्ड कोर्टवरची. तिथे चेंडू छातीपर्यंत उसळतो आणि खेळाडूचे बूट कोर्टवर किंचाळतात. गवतावर चेंडू खालूनच सटकतो असे सगळे सांगतात, पण तो नेमका कसा सटकतो हे डोळ्यांनी पाहायची मला इच्छा होती.

स्पर्धा सोमवारी, १ जुलै २०१९ ला सुरू होणार होती. आम्ही रविवारी सकाळी दहाच्या सुमारास साउथफील्ड्स स्थानकावर उतरलो. पाठीवर दोन माणसांचा तंबू, कारण त्याहून मोठा तंबू नियमात बसत नाही. हातात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा मोठा थर्मास. स्थानकातून बाहेर पडताच कोणाला वाट विचारायची गरज पडली नाही, कारण पाठीवर गुंडाळलेल्या गाद्या घेतलेली माणसे एकाच दिशेने चालली होती. पंधरा मिनिटांत आम्ही विम्बल्डन पार्कच्या फाटकाशी पोहोचलो.

तिथे निळ्या कोटातल्या एका वयस्कर स्ट्युअर्डने आम्हांला रांगेच्या शेपटापर्यंत नेले. रांग म्हणजे एकामागे एक उभी माणसे अशी माझी कल्पना होती; प्रत्यक्षात ती मोठ्या हिरव्या मैदानावर ओळीने मांडलेली तंबूंची वस्ती होती. शेपटाशी झेंडा धरून एक जण उभा होता आणि नवा माणूस आला की तो झेंडा घेऊन दोन पावले मागे सरकत होता. त्याच्या शेजारच्या बाईंनी आमच्या हातात एकेक कार्ड ठेवले. पत्त्याच्या पानाहून थोडे मोठे, त्यावर उद्याची तारीख आणि क्रमांक. माझा ६१८, भाचीचा ६१९. बाईंनी सौम्य आवाजात पण एकही शब्द न गाळता नियम सांगितले. हे कार्ड दुसऱ्याला देता येणार नाही. मित्रासाठी जागा धरता येणार नाही. खाण्यापिण्यासाठी किंवा स्वच्छतागृहासाठी थोडा वेळ जाता येईल, पण तंबू टाकून शहर फिरायला गेलात तर जागा गेली. चूल पेटवायची नाही. रात्री दहानंतर चेंडू खेळायचा नाही आणि गाणी लावायची नाहीत. एका माणसाला एकच तिकीट, आणि ते स्वतः समोर उभे राहूनच घ्यावे लागेल.

“आणि कार्ड हरवले तर?” मी विचारले.

“तर तुम्ही पुन्हा त्या झेंड्यापाशी जाल,” त्या म्हणाल्या.

पुढचे चोवीस तास मी ते कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले आणि दर अर्ध्या तासाने चाचपून पाहिले. ६१८ या आकड्याचा अर्थ आम्हांला लगेच कळला. सेंटर कोर्टची पाचशे तिकिटे बहुधा आपल्या आधी संपणार, नंबर एक कोर्ट मात्र नक्की मिळणार. पुढचे काही लोक सेंटरऐवजी दुसरे कोर्ट निवडतील अशी एक पुसट आशा होती. भाचीला त्या आशेचे काही सोयरसुतक नव्हते, आणि त्याचे कारण संध्याकाळी कळणार होते.

दुपार कशी गेली हे मात्र टेनिसमुळे आठवत नाही. त्याच दिवशी विश्वचषकात बर्मिंगहॅमला भारत आणि इंग्लंड यांचा सामना होता. आमच्या पुढच्या तंबूत एक निवृत्त इंग्रज जोडपे होते आणि त्यांच्याकडे जुना रेडिओ होता. सामना सुरू झाल्यावर त्या रेडिओभोवती हळूहळू आठ-दहा जण जमले; त्यांत लंडनमधली दोन गुजराती मुले, एक तमिळ डॉक्टर बाई आणि आम्ही दोघे. जॉनी बेअरस्टोने शतक ठोकले तेव्हा त्या आजोबांनी आवाज अदबीने कमी केला, आणि रोहित शर्माचे शतक झाले तेव्हा आजींनी आम्हांला बिस्किटे दिली. शेवटी ३१ चेंडूंत ७१ धावा हव्या असताना धोनी आणि आपले पुण्याचे केदार जाधव एकेक धाव काढत राहिले आणि भारत ३१ धावांनी हरला. ती षटके ऐकताना त्या शांत रांगेत माझ्या तोंडून जे मराठी शब्द निघाले, ते समजणारी एकटी भाचीच होती, हे बरे झाले. आजोबा मात्र गंभीरपणे म्हणाले, “उद्या आपण सगळे एकाच बाजूला असू. टेनिसमध्ये आम्हांला हरायची सवय आहे.”

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम जाहीर झाला आणि सगळी वस्ती फोनमध्ये डोके घालून बसली. गतविजेता पुरुष खेळाडू पहिल्या सोमवारी सेंटर कोर्टवर पहिला सामना खेळतो ही तिथली जुनी रीत आहे, त्यामुळे जोकोविच दिसणार हे ठरलेलेच होते. माझा फेडरर मात्र मंगळवारी होता. भाचीने नंबर एक कोर्टची यादी माझ्यासमोर धरली. व्हीनस विल्यम्स विरुद्ध कोको गॉफ.

“मामा, हाच बघायचाय मला. सेंटर मिळालं तरी मी नाही जाणार,” ती म्हणाली.

गॉफ पंधरा वर्षांची होती. पात्रता फेरीचे सामने मुख्य मैदानात होत नाहीत, ते आदल्या आठवड्यात रोहॅम्प्टनला होतात. तिथून जिंकत ती आली होती आणि खुल्या स्पर्धांच्या काळात, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळू लागल्यापासून, विम्बल्डनच्या मुख्य फेरीत पात्रतेतून पोहोचलेली ती सर्वांत लहान खेळाडू होती. व्हीनस एकोणचाळीस वर्षांची. तिच्या पाच विजेतेपदांपैकी पहिली दोन, २००० आणि २००१ ची, गॉफच्या जन्माआधीची. मी म्हणालो की पोरीचे कौतुक आहे, पण तासाभरात आटपेल. भाचीने मला उत्तर दिले नाही, फक्त दशमीचा डबा पुढे केला.

रात्री बहिणीचा कोल्हापुरातून फोन आला. तिकडे तेव्हा उत्तररात्र झाली होती, पण लेक तंबूत झोपणार म्हटल्यावर तिला झोप येत नव्हती. पालख्या त्या दिवसांत वाटेतच होत्या. “अरे, इतकी वर्षं म्हणतोयस वारीला येतो, वारीला येतो,” ती म्हणाली, “आणि तंबूत झोपायला तुला इंग्लंड सापडलं का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्र थंड होती. गवतावरचा ओलावा तंबूच्या तळातून वर येत होता आणि हीथ्रोकडे जाणारी विमाने बराच वेळ डोक्यावरून जात होती. ढुंगणाखालची जमीन सपाट दिसली तरी ती कधीच सपाट नसते, हे ज्ञान मला पहाटे तीनला झाले.

सहाच्या आधीच स्ट्युअर्ड तंबू हलवत आले. “सुप्रभात, आवरा, आवरा.” पुढचा अर्धा तास ती वस्ती मोडताना पाहणे हा माझ्या मते या साऱ्या प्रकारातला सर्वांत देखणा भाग होता. शेकडो तंबू जवळजवळ एकाच वेळी खाली बसले. लोक दंव झटकत होते, दात घासत होते, खुंट्या मोजत होते. गवतावर तंबूंचे फिकट चौकोन उमटले होते आणि त्यावरून कोणाचा तंबू कुठे होता हे नेमके दिसत होते. तंबू, गाद्या आणि मोठे सामान ठेवायला मैदानातच जागा असते. तिथे सामान देऊन पावती घेतली आणि परत आपापल्या क्रमांकावर आलो. आता रांग खरोखरच रांगेसारखी दाटीने उभी राहिली. गंमत म्हणजे, ती पसरलेली असताना आणि ती दाटताना पुढे घुसायची संधी हजारदा होती, पण कोणी घुसले नाही. याचे श्रेय इंग्रजांच्या स्वभावाला देण्याची पद्धत आहे. मला वाटते, ते श्रेय त्या कार्डाला आहे. क्रमांक छापलेला असला की पुढे घुसण्यात काही मिळत नाही, आणि मिळत नसले की आपण सगळेच सज्जन असतो.

साडेसातच्या सुमारास मनगटावर बांधायच्या पट्ट्या घेऊन स्ट्युअर्ड पुढून मागे येऊ लागले. प्रत्येक कोर्टची पट्टी वेगळ्या रंगाची असते. आपण कोर्ट सांगायचे, ते कार्ड पाहून पट्टी बांधतात, आणि त्या कोर्टच्या पट्ट्या संपल्या की ते मोठ्याने तसे जाहीर करतात. मी पुढे मान उंचावून मोजत होतो. आमच्या पुढे काही लोकांनी खरोखरच नंबर एक आणि नंबर दोन कोर्ट निवडले होते आणि पट्ट्यांचा गठ्ठा अजून शिल्लक दिसत होता. आमच्यापासून साधारण चाळीस माणसे पुढे असताना सेंटर कोर्ट संपल्याची घोषणा झाली. त्या चाळीस माणसांबद्दल माझ्या मनात आजही थोडी अढी आहे. सकाळी घरून अर्धा तास आधी निघालो असतो तर, हा विचार मी तासभर चघळत राहिलो. आणि हा अर्धा तास मीच थर्मास शोधण्यात घालवला होता, हे भाचीने सौजन्याने बोलून दाखवले नाही.

पट्टी मिळाल्यानंतर तपासणी, फाटक आणि तिकीटखिडकी हे सगळे भराभर झाले. खिडकीतल्या माणसाने पट्टी पाहिली, पैसे घेतले आणि तिकीट दिले. माझ्या चार वर्षांच्या पाकिटांचा निकाल त्या खिडकीवर मिनिटभरात लागला.

आत शिरल्यावर आम्ही आधी कोर्ट पाहिले, माणसे नंतर. पहिल्या दिवशीचे विम्बल्डनचे गवत एकसारखे हिरवे असते. टीव्हीवर अंतिम सामन्यात बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपाशी, जी तपकिरी उघडी जमीन दिसते, ती दोन आठवडे पावले घासून झालेली असते. २००१ पासून इथे शंभर टक्के बारमाही राय गवत लावतात. त्याआधी त्यात फेस्क्यू जातीचे गवतही मिसळलेले असे. स्पर्धेत ते आठ मिलिमीटर उंचीवर राखतात आणि रोज कापतात. आठ मिलिमीटर म्हणजे नेमके किती, हे एका रिकाम्या कोर्टच्या कडेला वाकून मी बोटाशी मापून पाहिले: करंगळीच्या नखाएवढे. ते हिरवळीसारखे लुसलुशीत मुळीच नव्हते. दाट विणलेल्या काथ्याच्या पायपुसण्यासारखे ते ताठ आणि राठ दिसत होते, आणि त्याखालची जमीन सारवून वाळलेल्या अंगणासारखी घट्ट वाटत होती. नवे गवत लावल्यापासून जमीन अधिक टणक राहते आणि चेंडू पूर्वीपेक्षा थोडा वर येतो, म्हणून सर्व्हिस करून नेटकडे धावत सुटणारे खेळाडू कमी झाले, असे जाणकार मानतात. त्यात रॅकेट आणि तारा बदलल्याचाही वाटा आहेच.

मोठ्या कोर्टचे तिकीट असले तरी बाहेरच्या कोर्टांवर जागा मिळेल तिथे बसता येते. आम्हांला प्रज्ञेश गुणेश्वरनचा सामना पाहायचा होता. चेन्नईचा हा डावखुरा खेळाडू विम्बल्डनच्या मुख्य फेरीत प्रथमच खेळत होता आणि पहिल्याच सामन्यात त्याच्यासमोर २०१६ चा उपविजेता मिलोश राओनिच आला होता. बाकांवर दाटीने बसलेल्या लोकांत निम्मे तरी भारतीय असावेत. कोर्ट इतके जवळ होते की राओनिचने सर्व्हिससाठी चेंडू आपटला की तो आवाज पोटात जाणवत होता.

इथे मला माझे उत्तर मिळाले. हार्ड कोर्टवर चेंडू टप्पा पडल्यावर क्षणभर वर चढतो आणि मग येतो. गवतावर तो चढतच नाही. टप्प्याचा आवाजही वेगळा, टणत्कार नाही, गोणीवर थाप मारावी तसा बोदा; आणि तो आवाज कानावर येईपर्यंत चेंडू परतवणाऱ्याच्या घोट्यापाशी पोहोचलेला असतो. प्रज्ञेश गुडघे इतके वाकवत होता की तो बसूनच खेळतो आहे असे वाटावे. त्याने पहिला सेट टायब्रेकपर्यंत ताणला. तिथे मात्र राओनिचने ७-१ अशी सरशी केली आणि पुढचे दोन सेट ६-४, ६-२ असे घेतले. एकदा प्रज्ञेश उजवीकडे वळताना घसरला, हात टेकून उठला आणि पॅन्टवरचा हिरवा डाग न पाहता परत रेषेवर जाऊन उभा राहिला. पहिल्या काही दिवसांत गवतात ओल असते, तेव्हा असे घसरणे नेहमीचे. पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही त्या वर्षी ४५ हजार पौंड मिळत होते, आणि वर्षभर छोट्या स्पर्धांतून स्वखर्चाने हिंडणाऱ्या खेळाडूला त्या रकमेचा अर्थ काय असतो, हे शेजारच्या तमिळ डॉक्टर बाई मला समजावत होत्या. त्या आमच्या रांगेतल्याच, क्रमांक ६३० च्या आसपासच्या. रात्रभराची ओळख असल्यामुळे त्यांच्यासाठी जागा धरताना मला त्या स्ट्युअर्ड बाईंची आठवण झाली आणि थोडी शरमही वाटली.

अडीच पौंडांच्या स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या, ते सर्वजण खातात म्हणून. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरचीच बरी, असे मी म्हणालो आणि दोन्ही वाट्या संपवल्या.

नंबर एक कोर्टला त्या वर्षीच नवे छप्पर बसले होते आणि आतली आसने १२,३४५ झाली होती. हा आकडा इतका सरळ आहे की तो मुद्दाम ठरवला असावा, अशी मला शंका आहे. छप्पर अर्थातच उघडे होते. आमच्या जागा मधल्या उंचीवर, बेसलाइनच्या कोपऱ्याच्या बाजूला होत्या. त्या एका तिकिटावर पुरुषांचा सामना आणि मग स्त्रियांचा, असे एकापाठोपाठ एक पाहायला मिळतात, त्याच गवतावर, त्याच रेषांत. आज यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण विम्बल्डनने पुरुष आणि स्त्री खेळाडूंना सारखी बक्षिसे द्यायला २००७ मध्ये सुरुवात केली, आणि त्यासाठी सर्वांत ठामपणे बोललेल्या खेळाडूंपैकी एक समोर, आमच्या बाजूच्या बेसलाइनवर, मनगटाची पट्टी सारखी करत उभी होती. २००६ मध्ये व्हीनसने या विषयावर लंडनच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला होता आणि पुढच्या वर्षी समान रकमेचा पहिला धनादेश तिनेच जिंकला. त्या २०१९ च्या वर्षी दोन्ही एकेरी विजेत्यांना प्रत्येकी २३ लाख ५० हजार पौंड मिळणार होते.

ती पोरगी आत आली तेव्हा टाळ्या सौजन्याच्या होत्या. दहा मिनिटांनंतर त्यांचा सूर बदलला. मला वाटले होते की पंधरा वर्षांचे मूल एवढ्या गर्दीत घाईघाईने मारेल आणि चुकेल. गॉफने घाई केलीच नाही. व्हीनसचे सपाट, जोरकस फटके गवतावरून सटकून येत होते आणि ती प्रत्येक वेळी एक पाऊल आधी तिथे पोहोचलेली असे. भाची माझ्या कानाशी बोलत होती: “तिचे पाय बघा मामा, चेंडूकडे नका बघू.” मी पायांकडे पाहू लागलो. वळायच्या आधी ती लहान लहान चार-पाच पावले टाकत होती, तव्यावर उभी असल्यासारखी, आणि सकाळी ज्या गवतावर प्रज्ञेश घसरला तसल्याच गवतावर ती एकदाही घसरली नाही. पहिला सेट ६-४. एरवी मोठ्या खेळाडूच्या बाजूने असणारे ते प्रेक्षागृह दुसऱ्या सेटमध्ये दुभंगले. लोकांना व्हीनस हरायला नको होती आणि ही मुलगीही हरायला नको होती. दुसरा सेटही ६-४.

सामना संपला तेव्हा गॉफने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. नेटपाशी ती व्हीनसला काहीतरी बोलली; ते आम्हांला ऐकू येणे शक्य नव्हते. नंतर तिने सांगितले की आपण तिचे आभार मानले, तुम्ही नसता तर मी इथे नसते असे म्हटले. आम्हांला दिसले ते एवढेच की व्हीनसने मान किंचित झुकवून ऐकले, मग बॅग उचलली आणि हात उंचावून निघून गेली. भाची उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. मी तिला काही विचारले नाही. कोल्हापुरात असताना तिने टेनिस का सोडले, हे आमच्या घरात बोलले जात नाही.

सामान घ्यायला आम्ही परत पार्कात गेलो तेव्हा ऊन उतरले होते. पावती दाखवून तंबू घेतला. तो अजून दमट होता आणि त्याला सकाळच्या गवताची काडी चिकटलेली होती. बाहेर पडताना पाहिले तर ज्या चौकोनात आम्ही रात्र काढली होती, तिथे मंगळवारच्या रांगेतल्या कोणाचा तरी निळा तंबू उभा होता. पुढे झेंडा होता. आम्ही तंबू घेऊन त्याच बाजूने चाललो होतो, त्यामुळे झेंड्यापाशी असलेल्या तरुण स्ट्युअर्डचा गैरसमज झाला. त्याने अदबीने दोन कार्डे पुढे केली.

“उद्यासाठी ना?”

उद्या फेडरर होता. मी कार्ड हातात घेतले आणि क्रमांक पाहिला: ४२७. पाचशेच्या आत.

“मामा,” भाची म्हणाली, “तुम्हाला उद्या ऑफिस आहे.”

मी ते कार्ड त्याला परत केले, पण लगेच नाही.